रेडिंगचं घर, कोथरूडचा फ्लॅट आणि सॉलिसिटरला न सांगितलेल्या गोष्टी: एक प्रकरण अभ्यास

रेडिंग स्टेशनपासून चालत जाता येईल अशा रस्त्यावरचं, लाल विटांचं व्हिक्टोरियन टेरेस घर, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं. खाली दोन खोल्या, मागं वाढवलेलं स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम आणि त्याच्याही वर माळ्याचं रूपांतर करून काढलेली तिसरी खोली. मे २०२५ मध्ये सौदा ४ लाख २० हजार पौंडांवर ठरला. घेणारं जोडपं मराठी, दोघंही नोकरदार. तो पुण्याचा, २०१७ पासून इंग्लंडात, ती नाशिकची. मी याच कन्व्हेयन्सिंगच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायदेशीर बाजूच्या, कामात आहे, पण हे प्रकरण माझ्याकडे नव्हतं. घराचा ताबा मिळाल्यावर त्यांनी सगळी फाइल मला वाचायला दिली आणि ओळख न देता लिहायची मोकळीकही दिली. रकमा मी जवळच्या आकड्यात आणल्या आहेत.

महाराष्ट्रात घर घेणारा माणूस दुय्यम निबंधकाच्या कचेरीत स्वतः जातो. अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, सगळं त्याच्यासमोर होतं. इंग्लंडात (वेल्सचा कायदा बहुतांशी तोच, फक्त मुद्रांक कर वेगळा, स्कॉटलंडची पद्धत मुळातच निराळी) खरेदीदार बहुधा कुठंच जात नाही. विक्रेत्याशी त्याची गाठही पडत नाही. दोन बाजूंचे दोन कन्व्हेयन्सर एकमेकांना ईमेल करत राहतात आणि काही महिन्यांनी किल्ल्या हातात येतात. ज्याच्या भरवशावर हे चालतं त्या सॉलिसिटरनं घर पाहिलेलंच नसतं. तो कागद पाहतो. घर पाहिलेलं असतं तुम्ही. या प्रकरणात जे जे अडलं, ते जवळजवळ सगळं इथंच अडलं.

ऑफर मान्य झाली त्याच दिवशी इस्टेट एजंटनं एका फर्मचं नाव पाठवलं. "आमच्या पॅनेलवरची आहे, काम पटकन होईल." एजंट विक्रेत्याचा माणूस असतो, त्याचं कमिशन विक्रेता देतो, शिवाय खरेदीदार त्या फर्मकडे गेला की बऱ्याचदा एजंटला रेफरल फी मिळते. ती त्यानं सांगायला हवी. इथं सांगितलेली होती, पण ईमेलच्या अगदी तळाशी. त्याच फर्मकडे जाण्याची सक्ती मात्र एजंटला करता येत नाही. जोडप्यानं दर पाहिला: ६९५ पौंड आणि वर व्हॅट. दोघांनी मोबाइलवरच होकार भरून टाकला.

त्या ६९५ मध्ये काय नव्हतं ते तीन आठवड्यांत कळत गेलं. बँकेच्या वतीनं करायच्या कामाचे १९५. पैसे भेट देणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे ९५, आणि देणारे दोन, सासू आणि सासरे, म्हणजे त्याचे आईवडील. लाइफटाइम आयसाचे (सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) ७५. स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरण्याचे ९५. पैसे पाठवण्याचे ४०. बेरीज १,२९०. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या फर्मनं हे सगळं धरून एकरकमी १,२५० सांगितले होते. तेव्हा ते महाग वाटले होते.

डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदीच्या कामाची फी आणि तीत काय येतं हे वेबसाइटवर द्यावं लागतं. सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीचा तसा नियमच आहे. त्यामुळे पहिल्या फर्मनं लपवलं असं म्हणता येणार नाही. सगळं लिहिलेलं होतं, फक्त एका जागी नव्हतं. तिथं त्यांचं काम कोण पाहतंय हेही कळत नव्हतं. पोर्टलवर प्रश्न टाकायचा, दरवेळी वेगळ्या नावानं उत्तर यायचं. शेवटी त्यानं पोर्टलवर एकच ओळ लिहिली: "माझ्या नावावर पुण्यात अर्धा फ्लॅट आहे, त्यानं काही फरक पडतो का?" चार दिवसांनी उत्तर आलं, की आम्ही कराबाबत सल्ला देत नाही.

कराचा सल्ला कोपऱ्यावरची फर्मही देत नव्हती, बहुतेक कन्व्हेयन्सर देत नाहीत. फरक असा, की तिथल्या बाईंनी पहिल्याच फोनवर विचारलं, "तुमच्यापैकी कुणाचं जगात कुठंही घर आहे का? पैसे कुठून येणार आहेत? घरात काही बदल केलेले दिसतात का?" आणि पहिलं उत्तर ऐकताच म्हणाल्या, "हे कर सल्लागाराकडून लेखी आणा, त्याशिवाय मी पुढं सरकणार नाही." सर्च, म्हणजे घराबद्दलच्या अधिकृत नोंदींची तपासणी, अजून मागवलेले नव्हते, तेव्हाच त्यांनी फर्म बदलली. ओळख तपासणीचे पैसे बुडाले, बाकी काही नाही.

सॉलिसिटर कसा निवडावा, असं मला बरेच जण विचारतात. किती वर्षांचा अनुभव आहे, असे किती व्यवहार केले, हे प्रश्न निरुपयोगी नाहीत, पण त्यांची उत्तरं सगळेच छान देतात. त्यापेक्षा आपल्या व्यवहारातल्या विचित्र गोष्टींची यादी करावी आणि ती फीबद्दल विचारतानाच पुढं ठेवावी: भारतातलं घर, सासऱ्यांची भेट, माळ्यावरची खोली, आयसा. जो त्यावर उलट प्रश्न विचारील तो कामाचा. त्याआधी दोन गोष्टी मात्र स्वतः तपासायच्या. एक, तो सॉलिसिटर असेल तर रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या नोंदवहीत आहे का, आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर असेल तर त्यांच्या कौन्सिलच्या यादीत आहे का. घरखरेदीला दोन्ही चालतात. पण बाजूला वारसाहक्क, घटस्फोट किंवा शेजाऱ्याचं भांडण असेल तर सॉलिसिटर बरा. दोन, तो तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर आहे का. नसेल तर बँक दुसरा सॉलिसिटर नेमते आणि त्याचाही खर्च तुमच्याच माथी येतो. लॉ सोसायटीचा कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीमचा शिक्का असला तर चांगलंच, पण तो फर्मला मिळतो. तुमची फाइल ज्याच्या टेबलावर आहे त्या माणसाला नाही.

आता तो अर्धा फ्लॅट.

कोथरूडमधला टू बीएचके, २०१४ मध्ये घेतलेला, वडील आणि मुलगा अशी दोघांची नावं. मुलाचा पगार दाखवल्याशिवाय बँक कर्ज देईना म्हणून त्याचं नाव लागलं, असं आपल्याकडे हजारो घरांत झालेलं आहे. कर्ज फिटलेलं, आईवडील तिथंच राहतात. इंग्लंडात हे आपलं पहिलंच घर, म्हणून आपण फर्स्ट टाइम बायर, असं त्यानं धरलं होतं. एप्रिल २०२५ नंतरच्या दरानं ४ लाख २० हजारांच्या घरावर पहिल्या खरेदीदाराला पहिल्या ३ लाखांवर काही नाही आणि उरलेल्या १ लाख २० हजारांवर ५ टक्के, म्हणजे ६,००० पौंड भरावे लागतात. त्यांनी तेवढेच बाजूला ठेवले होते.

पण ही सवलत मिळायची तर घेणाऱ्यांपैकी प्रत्येकानं आयुष्यात कधीही, जगात कुठंही राहतं घर घेतलेलं नसावं लागतं. पुण्यातला अर्धा हिस्साही चालत नाही. म्हणजे सवलत गेली. नेहमीचा दर लागला तर ११,०००. त्यावर आणखी एक टप्पा. खरेदीच्या दिवसाअखेर नवराबायकोपैकी कुणाकडेही ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा दुसरा घरहिस्सा असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ३ वरून ५ झाला. त्याचा अर्धा हिस्सा सहज ५५ हजार पौंडांचा होता. जादा २१,०००. एकूण ३२,०००. तरतूद सहाची होती.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन उपाय आले. पहिला: "अरे, भारतातलं घर इथं कोण विचारतंय?" विचारतात. सॉलिसिटरच्या फॉर्ममध्ये प्रश्न स्पष्ट असतो, आणि सॉलिसिटरनं भरलेल्या कर विवरणपत्राची जबाबदारी खरेदीदाराचीच असते. दुसरा उपाय जरा हुशार: "घर फक्त वहिनींच्या नावावर घ्या." त्यानंही भागत नाही. एकत्र राहणारे नवराबायको या जादा दरासाठी एकच धरले जातात. घर एकट्या तिच्या नावावर घेतलं तरी त्याचा पुण्याचा हिस्सा मोजला जातो, आणि जादा दर लागला की पहिल्या घराची सवलतही उरत नाही.

सल्लागारानं ४५० पौंड घेऊन जे पत्र दिलं त्यात मार्ग सोपा दिसत होता. कम्प्लिशनच्या, म्हणजे पूर्ण पैसे देऊन ताबा घेण्याच्या, आधी त्यानं आपला हिस्सा वडिलांना बक्षीसपत्रानं द्यावा. पहिल्या घराची सवलत गेली ती गेलीच, पण ५ टक्क्यांचा जादा भार टळेल. याला दोन काटे होते. एक पुण्यातला: महाराष्ट्रात वडिलांनी मुलाला राहतं घर दिलं तर मुद्रांक २०० रुपये, पण मुलानं वडिलांना दिलं तर ती सवलत नाही, ३ टक्के आणि वर स्थानिक अधिभार. हे ऐकून त्याच्या वडिलांचा विश्वासच बसेना. दुसरा काटा इंग्लंडातला आणि बहुतेकांना माहीत नसलेला. इथला करनिवासी माणूस परदेशातली मालमत्ता जवळच्या नातेवाइकाला फुकट दिली तरी ती बाजारभावानं विकली असं समजून भांडवली नफ्यावर कर भरतो. २०१४ ते २०१७ तो स्वतः तिथं राहिला होता, त्याची थोडी सूट मिळाली; तरी साडेतीन हजार पौंडांच्या आसपास कर निघाला. मुद्रांक, सल्लागार, विमानाचं तिकीट सगळं धरूनही वीस हजारांपुढं हे स्वस्तच होतं.

कागदावर स्वस्त. घरात हे बोलणं सोपं गेलं नाही. त्याचा हिस्सा वडिलांच्या नावावर गेला म्हणजे उद्या तो त्याचा एकट्याचा राहत नाही. पुण्यात धाकटी बहीण आहे, तिचाही त्यावर वारस म्हणून हक्क येतो. बक्षीसपत्र खरं असावं लागतं, "नंतर परत कर" अशी आतून बोली असेल तर इंग्लंडच्या कायद्यात त्याला अर्थ उरत नाही आणि पुण्यातही तो वादाचा विषय होतो. शेवटी बहिणीला फोनवर सगळं सांगितलं गेलं. ती म्हणाली, "दादा, बाबांचंच घर आहे ते, तू कशाला एवढं विचारतोस." ऑगस्टमध्ये तो पुण्यात जाऊन हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडे सही करून आला. सोसायटीच्या भागपत्रावरून नावही कमी करून घेतलं.

पैशांची गोष्ट याच फ्लॅटशी जोडलेली नव्हती, पण तीही पुण्याहूनच येत होती. सासऱ्यांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, तीन वर्षांपूर्वी सासवडकडची जिरायत जमीन विकली होती. पैसे ठेवीत होते, त्यातले ३० लाख मुलाला द्यायचे ठरले. पौंडात २६ हजारांच्या आसपास. भारतातून एका निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तेव्हा मर्यादेचा प्रश्न नव्हता. पण एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापते. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण तोवर अडकतात. जमीन आईवडील दोघांच्या नावावर होती आणि विक्रीचे पैसे दोघांच्या खात्यात विभागून आले होते, म्हणून दोघांनी आपापल्या खात्यातून पंधरा-पंधरा लाख पाठवले. दोघांची मिळून दोन लाखांची कपात झाली. एकानं पाठवले असते तर चार लाख. ही युक्ती पैसे खरोखर दोघांचे असतील तरच चालते.

सॉलिसिटरला या पैशांचा उगम हवा होता. मनी लाँडरिंगविरोधी नियम तिला भारतातल्या बँकेच्या तपासणीवर विसंबू देत नाहीत. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पाठवलं, तिनं विचारलं ठेव कशाची. ठेवीची पावती पाठवली, तिनं विचारलं जमीन तुमची होती हे कशावरून. मग खरेदीखत, इंडेक्स टू, सातबारा आणि फेरफार, सगळे मराठीत. त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून पाठवावं लागलं. "पोटखराबा" (लागवडीला न येणारा भाग) या रकान्याचं इंग्रजी वाचून तिनं खरंच विचारलं, की ही जमीन दूषित होती का. हा सगळा ससेमिरा जोडप्याला अपमानकारक वाटला. मी त्या बाजूनं काम करते म्हणून सांगते: यात संशय माणसावर नसतो. फाइलमध्ये कागद नसेल तर फर्मचं लायसन्स पणाला लागतं.

खरा अपमान वाटला तो वडिलांना, भेटीच्या पत्राचा. बँकेचा नमुना असतो: ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही, ती परत मागणार नाही, या घरावर माझा कसलाही हक्क राहणार नाही. "पोराला पैसे देताना परत मागणार नाही म्हणून लिहून द्यायचं?" सुनेनं समजूत घातली, "बाबा, हे तुमच्यासाठी नाही, बँकेसाठी आहे. उद्या हप्ते थकले तर घरावर पहिला हक्क आपला, असं त्यांना लेखी हवंय." सही झाली, पण आठवडा गेला.

लाइफटाइम आयसाचं थोडक्यात. ती सुनेच्या नावावर होती. आयसातले पैसे घरासाठी काढताना फक्त खातेदार स्वतः पहिल्यांदा घर घेत असला की पुरतं आणि किंमत ४ लाख ५० हजारांच्या आत असावी लागते. त्यामुळे नवऱ्याला स्टॅम्प ड्यूटीत सवलत नाही आणि बायकोला आयसाचा सरकारी बोनस मात्र आहे, असं घडलं. पैसे आयसा कंपनीकडून थेट सॉलिसिटरकडे यावे लागतात, आपल्या खात्यात घेतले की २५ टक्के दंड.

सर्च नेहमीसारखे झाले: कौन्सिलचा (म्हणजे इथल्या नगरपालिकेचा), पाणी आणि सांडपाण्याचा, पर्यावरणाचा. सांडपाण्याच्या सर्चमध्ये मागच्या वाढीव स्वयंपाकघराखालून सार्वजनिक गटार जाताना दिसलं. दोन-तीन घरांची मिळून असलेली खासगी गटारं १ ऑक्टोबर २०११ रोजी पाणी कंपन्यांकडे गेली, त्यामुळे जुन्या टेरेस घरांत हे सर्रास सापडतं. वाढीव काम त्या तारखेनंतरचं असेल तर पाणी कंपनीची परवानगी हवी. इथलं २००४ चं होतं. कौन्सिलच्या सर्चमध्ये त्या कामाचं बिल्डिंग रेग्युलेशनचं पूर्णत्व प्रमाणपत्रही होतं. माळ्याचं नव्हतं.

विक्रेत्यानं माहितीच्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं: लॉफ्ट आम्ही २००९ मध्ये केला, कागद सापडत नाहीत. टेरेस घराचं छप्पर ४० घनमीटरपर्यंत वाढवायला सहसा प्लॅनिंग परवानगी लागत नाही, आणि अनेक जण इथंच फसतात. बिल्डिंग रेग्युलेशन ही गोष्ट वेगळी आहे आणि माळ्याची खोली करायची तर ते लागतंच: जमिनीच्या तुळया किती जाड, जिना किती उभा, आग लागली तर खाली उतरायला वाट आहे का. प्रमाणपत्र नसेल तर ती खोली बेडरूम म्हणून विकता येत नाही. जाहिरातीत मात्र "थ्री बेड" होतं.

अशा वेळी विक्रेत्याची बाजू ठरलेला उपाय पुढं करते: इंडेम्निटी पॉलिसी. एकदाच काही शे पौंड भरायचे. कौन्सिलनं पुढं कारवाई केली तर विमा कंपनी भरपाई देते. या पॉलिसीनं जिना सुरक्षित होत नाही हे कुणी आवर्जून सांगत नाही; ती फक्त कारवाईच्या खर्चापासून वाचवते. आणि तिची एक कडक अट असते: कौन्सिलशी या विषयावर कुणी बोललेलं नसावं.

तो बोलून बसला होता. जूनमध्ये, सॉलिसिटरला न सांगता, कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला फोन करून घराचा नंबर देऊन विचारलं होतं, "या लॉफ्टचं सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे का?" आपण सजग ग्राहक आहोत असं त्याला वाटलं, आणि कुणालाही वाटलं असतं. विक्रेत्याकडून पॉलिसीचा प्रस्ताव आल्यावर त्यानं ते सहज सांगितलं. सॉलिसिटरचे हात बांधले गेले. विमा कंपनीला खोटं सांगता येत नाही. शिवाय ती बँकेचीही वकील असते, म्हणून माळ्याची स्थिती तिनं बँकेला कळवणं भागच होतं. बँकेनं घर दोन बेडरूमचं धरून पुन्हा किंमत काढली.

सौदा मोडण्याच्या बेतात आला. तो वाचला एका गोष्टीमुळे, जी आधी नुकसान वाटली होती. कौन्सिलला आता माहीत होतं, म्हणजे पुढच्या कुठल्याही खरेदीदाराला पॉलिसी मिळणार नव्हती. विक्रेत्यासाठी हा रस्ता कायमचा बंद झाला होता. दरम्यान जोडप्यानं बँकेच्या मूल्यांकनावर न थांबता लेव्हल थ्रीचा पूर्ण सर्व्हे करून घेतला होता. त्यात तुळया बारीक आणि जिन्याच्या वाटेवर अग्निरोधक दार नाही असं स्पष्ट आलं. हे सगळं हातात धरून सॉलिसिटरनं किंमत ४ लाख १० हजारांवर आणली. माळा सध्या सामानाचा, नंतर आपण रेग्युलरायझेशन, म्हणजे झालेल्या कामाला मागाहून मंजुरी, करून घेऊ, या हिशेबानं. १९८५ च्या नोव्हेंबरनंतरच्या कामाला तसा अर्ज करता येतो. कौन्सिलचा माणूस पाहायला येतो आणि छत उघडायलाही सांगतो. माझं मत विचाराल तर दहा हजार कमी होते, पंधरा मागायला हवे होते. पण मी त्या टेबलावर नव्हते.

याच सुमारास सॉलिसिटरनं त्यांना टायटल प्लॅन पाठवला, लाल रेघेनं हद्द दाखवलेला, आणि लिहिलं: तुम्ही पाहिलेलं घर असंच होतं का, फोटोशी ताडून कळवा. दोघांनी "लुक्स फाइन" असं उत्तर पाठवलं. दुसऱ्या दिवशी सून स्वयंपाक करता करता थबकली. पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा शेजारच्या आजी मागच्या अंगणातून कचऱ्याचा डबा ओढत निघून गेल्या होत्या. यांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं होतं आणि विसरून गेले होते. दुसरं, माळ्यावर एक अंथरूण, टेबल आणि पुरुषाचे कपडे होते. विक्रेता नवराबायको तर खाली राहत होते.

हे दोन्ही कागदावर कुठंच नव्हतं. शेजाऱ्याची वाट रजिस्टरवर नोंदवलेली नसली तरी ती कायदेशीर हक्काची असेल आणि नीट पाहिलं तर दिसत असेल, किंवा गेल्या वर्षभरात वापरली गेली असेल, तर २००२ च्या जमीन नोंदणी कायद्यानुसार ती नव्या मालकावरही बंधनकारक राहते. चौकशीत विक्रेत्यानं मान्य केलं, की कोपऱ्यावरची दोन घरं अनेक दशकं तिथूनच डबे नेतात, भांडण कधी नाही. जोडप्यानं वाट मान्य केली. मोबदल्यात तिची रुंदी आणि फक्त पायी वापर, एवढं विक्रेत्याकडून लेखी घेतलं. मागच्या अंगणात शेड बांधायचा त्याचा बेत तेवढा बारगळला.

माळ्यावर राहत होता विक्रेत्याचा भाऊ. घर घेताना त्यानंही थोडे पैसे घातले होते. असा माणूस प्रत्यक्ष राहत असेल आणि त्याचा घरात हिस्सा असेल तर विक्रीनंतरही तो आपला हक्क सांगू शकतो. फॉर्ममध्ये १७ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या रहिवाशांची नावं विचारतात. तिथं त्याचं नाव टाकलेलं नव्हतं. तो कागदावर आला, आपला हक्क सोडून ठरल्या दिवशी घर रिकामं करीन असं त्यानं करारावर सही करून दिलं. हे झालं नसतं तर काय, हा विचार करून सॉलिसिटर बाईंनी त्या दिवशीच्या ईमेलमध्ये पहिल्यांदाच उद्गारचिन्ह वापरलेलं मला फाइलमध्ये दिसलं.

नावं कशी लावायची यावर मात्र चर्चा फारशी झाली नाही, आणि व्हायला हवी होती. सॉलिसिटरनं दोन पर्याय दिले होते. दोघं मिळून अविभक्त मालक, म्हणजे एक गेला की दुसऱ्याला आपोआप सगळं. किंवा ठरवलेल्या हिश्शांचे मालक, ज्यात आपला हिस्सा मृत्युपत्रानं कुणालाही देता येतो. तिचे पैसे जास्त होते, त्याच्या बाजूनं आईवडिलांची भेट होती. त्यांनी "आपल्यात कसले हिस्से" म्हणून पहिला पर्याय घेतला. मी असते तर निदान एक ट्रस्टचा कागद करून कुणाचे किती हे लिहून ठेवायला सांगितलं असतं. त्यासाठी नात्यावर अविश्वास असावा लागत नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक्स्चेंज, म्हणजे सह्या झालेल्या करारांची अदलाबदल, झालं. त्याआधी दोन्ही बाजू कधीही माघार घेऊ शकतात. १९८९ च्या कायद्यानं जमिनीचा करार दोघांच्या सहीचा, लेखी आणि एकत्रित अटींचा असावा लागतो, तोंडी होकाराला किंमत नाही. एक्स्चेंजला १० टक्के, म्हणजे ४१ हजार, गेले. ते गेले की मागं फिरता येत नाही, आणि नेहमीच्या विक्री अटींनुसार घराची जोखीमही त्याच क्षणी खरेदीदाराकडे येते. घराचा विमा त्याच दिवसापासून घ्यायचा, किल्ल्या मिळण्याच्या दिवसापासून नव्हे. पैसे पाठवण्याच्या आदल्या दिवशी "आमचं बँक खातं बदललं आहे" असा ईमेल आला, फर्मच्याच नावानं, पत्त्यात एक अक्षर वेगळं. सुनेनं पहिल्या पत्रावरच्या नंबरला फोन करून विचारलं. खातं बदललेलं नव्हतं.

कम्प्लिशन ऑक्टोबरमध्ये झालं. स्टॅम्प ड्यूटी १०,५०० पौंड. सॉलिसिटरनं चौदा दिवसांच्या मुदतीत भरली. सवलतीसह धरलेल्या सहाच्या जवळजवळ दुप्पट, पण आधीच्या बत्तिसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पुण्याच्या बक्षीसपत्राची प्रत फाइलमध्ये लावून ठेवली आहे, कारण महसूल खातं नंतरही विचारू शकतं. लँड रजिस्ट्रीत नाव लागलं. भांडवली नफ्याचा कर तो जानेवारी २०२७ पर्यंत स्वतःच्या विवरणपत्रातून भरेल. रेग्युलरायझेशनचा अर्ज दिला आहे. कौन्सिलच्या माणसानं माळ्याच्या छताचे दोन तुकडे उघडून ठेवायला सांगितलं आहे, आणि सुतार मिळायला अजून वेळ लागतोय.